बॅटरी भरलेली, तरी पहाटे फ्रीज बंद: कॅम्पर गाडीतला दोष कुठे शोधायचा

लक्षण असं असतं. दिवसभर सगळं ठीक चालतं. सोलर पॅनलवर ऊन, चार्ज कंट्रोलरवर (पॅनलमधून बॅटरी भरणाऱ्या डब्यावर) हिरवा दिवा, फ्रीजमधलं दूध थंड. रात्री पंखा आणि फ्रीज एवढंच चालू ठेवून मंडळी झोपतात. पहाटे तीन-चारच्या सुमाराला फ्रीज बंद पडतो. सकाळी बॅटरीच्या टोकांना मल्टीमीटर लावला की १२.२, लिथियम असेल तर १२.९ व्होल्ट दिसतात, म्हणजे बॅटरीत जीव आहे. ऊन वर आलं की फ्रीज आपोआप सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत कसलीच तक्रार नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

या एका दोषापायी धडधाकट बॅटऱ्या काढून टाकल्या जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दीडशे एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी जाते, तिच्या जागी महागडी लिथियम येते. नवी बॅटरी अर्धा-पाऊण व्होल्ट जास्त धरते म्हणून काही दिवस बरे जातात. मग पावसाळा येतो, सांध्यांवर गंज चढतो आणि फ्रीज परत पहाटे बंद पडायला लागतो. ट्रॅव्हलर, विंगर किंवा पिकअपवर बांधलेल्या १२ व्होल्टच्या गाड्यांमध्ये हे दुखणं बहुतेक वेळा बॅटरीत नसतं. बॅटरीपासून फ्रीजपर्यंतच्या वाटेत असतं. ती वाट कशी तपासायची हे आधी सविस्तर सांगतो, कारण तिथेच लोक घाई करतात. (बसच्या सांगाड्यावरची गाडी असेल तर तिथे २४ व्होल्ट असतात आणि आकडे वेगळे येतात. खाली सगळं १२ व्होल्टचं आहे.)

पहाटच का

डीसी, म्हणजे थेट बॅटरीवर चालणाऱ्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरला एक इलेक्ट्रॉनिक युनिट जोडलेलं असतं आणि ते बॅटरीच्या रक्षणासाठी कमी व्होल्टेजला कॉम्प्रेसर थांबवतं. डॅनफॉस, म्हणजे आताच्या सेकॉपच्या बीडी मालिकेत मूळ सेटिंग असं आहे: १०.४ व्होल्टला बंद, ११.७ व्होल्टला पुन्हा चालू. हे व्होल्टेज मोजलं जातं ते युनिटच्या स्वतःच्या टोकांवर. बॅटरीपाशी काय आहे हे त्या युनिटला कळत नाही.

समजा, बॅटरी ते फ्रीज या वाटेत कॉम्प्रेसर सुरू होताना दीड व्होल्ट पडतात. संध्याकाळी बॅटरी १३.२ ला असेल तर फ्रीजपाशी ११.७ पोचतात, काम भागतं. पहाटेपर्यंत बॅटरी ११.९ वर येते. त्यातून दीड गेले की उरतात १०.४, आणि युनिट कॉम्प्रेसर थांबवतं. कॉम्प्रेसर थांबला की करंट थांबतो, करंट थांबला की वाटेतली घटही नाहीशी होते. पंख्याचा भार काढून, बॅटरीला थोडी उसंत मिळाल्यावर सकाळी तुम्ही मीटर लावता तेव्हा सगळं निर्दोष दिसतं ते यामुळे.

इथे एक खूण फार उपयोगी पडते. रात्री बंद पडलेल्या फ्रीजजवळ दोन-तीन मिनिटं शांत बसा. दर मिनिटभराने कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करून थांबत असेल तर बॅटरीत व्होल्टेज आहे आणि ते वाटेत हरवतंय. फ्रीज अजिबात प्रयत्नच करत नसेल, सकाळी पॅनलचा करंट येईपर्यंत पूर्ण शांत असेल, तर बॅटरी खरोखरच ११.७ च्या खाली गेलेली असू शकते. मग थेट चार्जिंगच्या भागाकडे जा.

याच युनिटवर एक छोटा एलईडी जोडायची सोय असते, काही फ्रीजमध्ये तो आधीच बसवलेला असतो. दोष आला की तो दर चार सेकंदांनी ठरावीक वेळा लुकलुकतो. एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी पडलं. दोनदा म्हणजे फ्रीजच्या स्वतःच्या पंख्याने जास्त करंट घेतला. तीनदा म्हणजे मोटर सुरू होऊ शकली नाही. पाचदा म्हणजे युनिट तापलं, आणि हे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये फ्रीजच्या मागे हवेला जागा न ठेवलेल्या कपाटात होतं. पाचदा लुकलुकणाऱ्या फ्रीजची वायर बदलून काही साधणार नाही, त्याला जाळी आणि हवा द्या.

ज्या फ्रीजवर बॅटरी प्रोटेक्शनचे हाय, मीडियम, लो असे तीन पर्याय असतात तिथे आधी ते बघा. ‘हाय’ हा पर्याय गाडीच्या स्टार्टिंगच्या बॅटरीसाठी आहे, तो फ्रीज लवकर बंद करतो. राहण्याच्या वेगळ्या बॅटरीवर फ्रीज असेल तर ‘लो’ ठेवा. कितीतरी जणांचा प्रश्न इथेच मिटतो.

मोजणी: भार चालू ठेवूनच

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. पहाटेची वाट बघायची गरज नाही. वाटेतली घट करंटवर अवलंबून असते, बॅटरी किती भरली आहे यावर नव्हे, त्यामुळे भर दुपारी मोजलं तरी दोष दिसतो. फ्रीजचं तापमान अगदी खाली लावा म्हणजे कॉम्प्रेसर चालूच राहील. मल्टीमीटरच्या वायरी आखूड पडतात. एका वायरीला पाच-सहा मीटर कुठलीही बारीक वायर जोडून लांब करा. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून या जोडवायरीने मोजमाप बिघडत नाही.

आता मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर टेकवा. खांबावरच, त्यावर बसवलेल्या लगवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नको. दुसरं टोक फ्रीजच्या युनिटच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर. जो आकडा येईल ती पॉझिटिव्ह बाजूची सगळी घट: लग, फ्यूज, खटका, वायर, सॉकेट, सगळं धरून. मग तसंच निगेटिव्हचं करा, बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून फ्रीजच्या निगेटिव्ह टर्मिनलपर्यंत. दोन्हींची बेरीज ०.३ ते ०.४ व्होल्टच्या आत हवी. म्हणजे १२ व्होल्टच्या तीन टक्क्यांच्या आसपास. बेरीज एक व्होल्टच्या वर गेली तर पहाटेच्या बंदचं कारण तुमच्या हातात आलं.

मोजताना कॉम्प्रेसर बंद होऊन पुन्हा सुरू होऊ द्या आणि तो क्षण बघा. चालू असताना ४-५ अँपिअर घेणारा कॉम्प्रेसर सुरुवातीला जास्त ओढतो आणि घट तेवढ्या पटीत वाढते. मीटरला ‘मिन-मॅक्स’ची सोय असेल तर वापरा. शिवाय व्होल्टेज खाली आलं की हे युनिट तेवढीच ताकद मिळवायला करंट वाढवतं, त्यामुळे पहाटेची घट दुपारच्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच धरा.

नंतर एकेक तुकडा. बॅटरीचा खांब ते लग. लग ते फ्यूजची बॅटरीकडची बाजू. फ्यूजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खटक्याच्या दोन्ही टोकांमध्ये. चांगल्या सांध्यावर या करंटला काही मिलिव्होल्टच दिसतात. एकाच फ्यूज होल्डरवर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर तो होल्डर काढून टाका, घासून परत लावू नका. सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून फ्रीज चालत असेल तर मी मोजणीचीही वाट बघणार नाही. ते सॉकेट स्प्रिंगच्या दाबावर टिकलेलं असतं, गाडीच्या हादऱ्यांनी ढिलं होतं, तापतं, आणि तापल्यावर आणखी ढिलं होतं. फ्रीजला सरळ फ्यूजमधून स्वतंत्र वायर द्या.

वायरची जाडी: घरचा हिशोब इथे चालत नाही

गाडी बांधून देणारा वायरमन प्रामाणिकपणे सांगतो, ‘दीड एमएमची वायर पंधरा अँपिअर सहज झेलते, फ्रीज तर पाचच घेतो.’ (वायरीच्या बाबतीत एमएम म्हणजे चौरस मिलिमीटर, तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ.) त्याचं म्हणणं चूक नाही. वायर जळणार नाही. पण त्याचा हात २३० व्होल्टवर बसलेला असतो, जिथे पाऊण व्होल्ट पडला तर कुणाला कळतही नाही. १२ व्होल्टमधून पाऊण व्होल्ट म्हणजे सहा टक्के.

हिशोब करून बघू. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या एक मीटर वायरचा रोध साधारण ०.०१७५ ओहम. दीड एमएमला तो ०.०११७ होतो. फ्रीज बॅटरीपासून सहा मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर वायर. एकूण ०.१४ ओहम. पाच अँपिअरला ०.७ व्होल्ट गेले, सुरुवातीच्या दहा अँपिअरच्या झटक्याला १.४ व्होल्ट. सांधे, फ्यूज, सॉकेट यांची घट यात अजून धरलेलीच नाही. तीच वायर सहा एमएमची असती तर पाच अँपिअरला ०.१७ आणि दहाला ०.३५.

बीडी कॉम्प्रेसरच्या तांत्रिक पत्रकात वायरीचं कोष्टक आहे आणि ते लक्षात ठेवायला सोपं आहे: १२ व्होल्टला अडीच एमएमची वायर अडीच मीटर अंतरापर्यंत, चार एमएमची चार मीटरपर्यंत, सहाची सहा, दहाची दहा. जितके मीटर, तितके एमएम. अंतर इथे एका बाजूचं धरायचं.

वायर घेताना ती खरंच तांब्याची आणि खरंच तेवढ्या एमएमची आहे ना, हे बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते आणि तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. एक तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी चमक दिसते. जाड केबलसाठी आणखी एक खात्रीची परीक्षा आहे. एक मीटर तुकड्याचं इन्सुलेशन सोलून तांबं वजनकाट्यावर ठेवा. १६ एमएमचं तांबं मीटरला साधारण १४३ ग्रॅम भरलं पाहिजे. ११० ग्रॅम भरलं तर तुम्हाला १२ एमएमची वायर मिळाली आहे. मुंबईत लोहार चाळीत किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत बारीक तारांची लवचिक केबल सुटी मिळते. घराच्या भिंतीत घालायची, मोजक्या जाड तारांची कडक वायर गाडीत नको. हादऱ्यांनी ती सांध्यापाशी तुटते.

निगेटिव्ह आणि गंज

गाडीची मूळ वायरिंग बॉडीलाच निगेटिव्ह धरते आणि ती व्यवस्थित चालते, कारण कारखान्यात त्या जागा त्यासाठीच तयार केलेल्या असतात. नंतर गाडी बांधताना मात्र जवळ दिसेल त्या बोल्टला निगेटिव्ह लावला जातो. खाली रंग, रंगाखाली प्रायमर, बोल्टवर गंज. नवा असताना तो सांधा चालतो. वर्षभरात तिथली घट वाढत जाते आणि दोष ‘कधी येतो, कधी येत नाही’ अशा रूपात दिसायला लागतो. पॉझिटिव्ह बाजू दहा वेळा तपासून हैराण झालेल्या माणसाने निगेटिव्ह मोजलेलाच नसतो, हे मी वारंवार बघितलंय.

राहण्याच्या भागातल्या प्रत्येक उपकरणाला निगेटिव्हची स्वतंत्र, पॉझिटिव्हइतकीच जाड वायर एका समाईक बसबारपर्यंत (सगळ्या वायरी जोडायच्या धातूच्या पट्टीपर्यंत) द्या. बसबारपासून चेसिसला एकच जाड जोड, तोही पत्रा चमकेपर्यंत खरवडून, दातेरी वॉशर घालून, वरून गंजरोधक लावून.

कोकणात हा प्रश्न दुप्पट वेगाने येतो. गुहागर, आंजर्ले, तारकर्ली अशा ठिकाणी समुद्राला लागून गाडी आठवडाभर उभी राहिली की खारी हवा लगच्या मागून वायरीत शिरते. इन्सुलेशन थोडं सोला. आतलं तांबं काळं-हिरवं पडलेलं दिसलं तर तेवढा तुकडा कापून टाका. ती वायर घासून साफ होत नाही. किनाऱ्यावर नेहमी जाणाऱ्यांनी कथिलाचा मुलामा असलेली, बोटींसाठी वापरतात ती तांब्याची वायर घ्यावी आणि लगवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी. जाड केबलचे लग हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या. केबलच्या दुकानात विचारलं तर बऱ्याचदा ते तिथेच दाबून देतात. हातोड्याने चेपलेला किंवा नुसता झाळलेला लग दिसायला छान दिसतो, पण चालत्या गाडीत टिकत नाही.

वायरी ठीक निघाल्या तर: मीटरवरच्या टक्क्यांचं काय

वाटेतली घट ०.३ च्या आत आहे, तरी बंद पडतंय? मग बॅटरी खरंच रिकामी होत असेल आणि तुमचा टक्के दाखवणारा मीटर चुकीचं सांगत असेल. व्होल्टेजवरून टक्के काढणारे मीटर लिथियम फॉस्फेटवर निरुपयोगी आहेत. ही बॅटरी भरलेली असताना विसावल्यावर १३.३-१३.४ दाखवते आणि बराचसा साठा संपेपर्यंत १३ च्या आसपासच रेंगाळते. खालच्या टोकाला मग ती झपाट्याने घसरते.

शंट (करंट मोजण्यासाठी वाटेत बसवलेली धातूची पट्टी) असलेला मीटर खरा हिशोब ठेवतो, पण एका अटीवर: बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर शंटची एकच वायर हवी. पुढची प्रत्येक निगेटिव्ह शंटच्या दुसऱ्या टोकाला. कुणीतरी घाईत फ्रीजचा किंवा इन्व्हर्टरचा निगेटिव्ह थेट खांबावर लावलेला असतो. तो वापर शंटमधून जातच नाही, त्यामुळे मीटर ८० टक्के म्हणत राहतो आणि बॅटरी तळाला पोचते. बॅटरीचा निगेटिव्ह खांब उघडून एकदा डोळ्यांनी बघा, किती वायरी आहेत ते. दोन असतील तर उत्तर मिळालं.

बॅटरी रोज थोडी अर्धवट राहते आहे का

लेड-ॲसिड बॅटरीत शेवटचे वीस टक्के भरायला काही तास लागतात. करंट हळूहळू कमी होत जातो, तो जोर लावून वाढवता येत नाही. सोलरवर दिवस संपतो आणि ते वीस टक्के राहून जातात. रोज असं झालं की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि बॅटरीची क्षमताच आटते. पहाटेचा बंद मग साडेतीनवरून दोनवर येतो, दोनवरून बारावर. बंद पडायची वेळ आठवड्यागणिक अलीकडे सरकत असेल तर हेच कारण धरून चला.

यातही वायरचाच हात असू शकतो. चार्ज कंट्रोलर बॅटरीपासून चार मीटर लांब, छताजवळ बसवलेला. तो स्वतःच्या टोकांवर १४.४ व्होल्ट बघतो आणि ‘भरत आली’ समजून करंट कमी करायला लागतो, तेव्हा बॅटरीवर असतात १४.०. कंट्रोलर बॅटरीच्या जवळ आणा आणि लांब वायर पॅनलच्या बाजूला ठेवा. कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा असेल तर पॅनलकडचं व्होल्टेज जास्त आणि करंट कमी असतो, म्हणून लांबीचं नुकसान तिथे कमी होतं.

सोबत बॅटरीचा प्रकार कंट्रोलरमध्ये बरोबर निवडलाय ना, हेही तपासा. चार सेलच्या लिथियम फॉस्फेटला साधारण १४.२ ते १४.६ लागतात, आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलायचं सेटिंग तिच्यासाठी बंद हवं. ट्यूब्युलरसाठी ते सेटिंग हवं, आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळीही बघत राहायला हवी.

मग सावली. उन्हाळ्यात आपण गाडी आंब्याखाली लावतो, लावायलाच हवी, आत माणसं राहतात. पण तिथे छतावरच्या ४०० वॉट पॅनलमधून नावापुरतं काहीतरी येतं. पॅनलचे सेल एकामागोमाग जोडलेले असतात, म्हणून एका फांदीची किंवा छतावरच्या व्हेंटची सावलीही पॅनलचा मोठा भाग निकामी करते. झाडाखाली राहायचं असेल तर एखादं घडीचं पॅनल उन्हात मांडून दहा मीटर वायरीने कंट्रोलरला जोडा. उन्हात तापलेल्या पत्र्याला चिकटवलेलं पॅनल ६५ अंशांपर्यंत तापलं तर १४-१५ टक्के उत्पादन तिथेच जातं, त्यामुळे पत्रा आणि पॅनल यांच्यात दोन-तीन बोटं हवा खेळू द्या.

एकदा कागदावर गणित मांडाच. डीसी फ्रीज दिवसाला ५०० ते ६०० वॉट-तास, मे महिन्यात याहून जास्त. २७ वॉटचा पंखा दहा तास, २७०. दिवे, फोन, लॅपटॉप, पाण्याचा पंप मिळून २५०-३००. हजार-अकराशे झाले. ४०० वॉट पॅनल हिवाळ्या-उन्हाळ्यात पाच तासांच्या चांगल्या उन्हात, तीस टक्के तोटा धरून, १४०० देतं. जुलैत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर दोन तासांचं ऊन धरलं तर ५६०. पावसाळ्यातला पहाटेचा बंद हा मग दोष नव्हे, तुटवडा आहे. तिथे गाडी चालवून किंवा कुठेतरी प्लग मिळवूनच भरपाई करावी लागते. भंडारदरा किंवा गणपतीपुळ्याला रिसॉर्टच्या आवारात प्लग मिळाला की चार्जर व्होल्टेज वर धरून ठेवतो आणि वायरीचे सगळे दोष झाकले जातात. ‘तिथे तर छान चालला होता’ या अनुभवावर म्हणून निदान करू नका.

इन्व्हर्टर

वरच्या यादीत इन्व्हर्टर मुद्दाम धरला नाही. काहीही न चालवता नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर १० ते २० वॉट खातो. चोवीस तासांचे २४० ते ४८० वॉट-तास. रात्री फोन चार्ज करायला तो चालू ठेवणं म्हणजे जवळपास दुसरा फ्रीज पोसणं झालं. फोनसाठी १२ व्होल्टचं यूएसबी सॉकेट लावा आणि झोपताना इन्व्हर्टर खटक्यावरून बंद करा. एवढ्याने पहाटेचा बंद थांबलेल्या गाड्या आहेत.

मिक्सर किंवा किटली लावली की इन्व्हर्टर किंचाळून बंद पडतो, ही तक्रार वेगळी वाटली तरी मूळ तेच. हजार वॉटला १२ व्होल्टच्या बाजूने ९५ अँपिअरच्या आसपास लागतात. तीन मीटरवर १६ एमएमची केबल असेल तर जाऊन-येऊन ०.६ व्होल्ट पडतात. ३५ एमएमला ०.३. इन्व्हर्टर बॅटरीपासून हातभर अंतरावर बसवा आणि २३० व्होल्टची वायर लांब न्या. दोन हजार वॉटची इंडक्शन १९० अँपिअर मागते. १२ व्होल्टच्या गाडीत एकाच बॅटरीवर ती चालवायचा नाद सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि या केबलवर बॅटरीच्या खांबापासून वीतभर अंतरात योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच. लिथियमच्या शॉर्टमध्ये केबल काही क्षणांत लाल होते. काम करताना घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवा.

चालत्या गाडीतलं चार्जिंग

बीएस-६ च्या अनेक गाड्यांचा अल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज खाली आणतो, म्हणून जुन्या पद्धतीच्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या खटक्याने) दुसरी बॅटरी नीट भरत नाही. लिथियम थेट रिलेवर लावली तर उलट ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो. डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरचं व्होल्टेज बॅटरीला हवं तसं करून देणारा) लावा. तो लावूनही मिनिटामिनिटाला चालू-बंद होत असेल तर पुन्हा वायर बघा: ३० अँपिअर देणारा चार्जर घेतो मात्र ३८-४०. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, चार्जर थांबतो, थांबल्यावर व्होल्टेज परत वर येतं, तो पुन्हा सुरू होतो. अंतराप्रमाणे १० किंवा १६ एमएम वापरा.

टोकांवर शून्य व्होल्ट

लिथियमच्या टोकांवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दिसले तर घाबरू नका. आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीच्या रक्षक सर्किटने, बॅटरीची जोडणी तोडली आहे. काही कंट्रोलर बॅटरीचं व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत, त्यामुळे भर उन्हातही चार्जिंग होत नाही. लिथियम जागी करायची सोय असलेल्या चार्जरने तिला थोडा वेळ करंट द्या. बॅटरी काढायची-लावायची असेल तेव्हा आधी पॅनलची जोडणी काढा, मग बॅटरीची; जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. स्पिती-लडाखकडे जाणाऱ्यांसाठी एवढंच: शून्य अंशाखाली लिथियम फॉस्फेट चार्ज करू नये. चांगला बीएमएस तेव्हा चार्जिंग अडवतो, आणि सकाळी उन्हातही अँपिअर शून्य दिसतात. तो बिघाड नाही. बॅटरी राहण्याच्या भागात, उबेला ठेवा.

दुरुस्ती झाल्यावर तीच मोजणी परत करा आणि आकडे फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा: पॉझिटिव्ह बाजू इतकी, निगेटिव्ह बाजू इतकी, तारीख. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेकदा पुन्हा मोजा. ०.२ चे ०.५ झालेले दिसले की कुठला सांधा उघडायचा ते फ्रीज बंद पडायच्या आधीच कळेल. आणि कुणाला मदत विचारायची असेल तर हे चार आकडे सोबत द्या: कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीच्या खांबांवरचं व्होल्टेज, त्याच वेळी फ्रीजच्या टर्मिनलवरचं, वायर किती एमएमची, आणि एका बाजूचं अंतर किती मीटर.